किमान : आपोआप

पावणे एमआयडीसीत, मासळीच्या शीतगृहावर,
वरच्या मजल्याला माझं टेबल.
खाली उणे अठरा,
वर पंखा किरकिरतो आणि कागद उडतात.
दर महिन्याच्या तीन तारखेला मी आलेख काढतो,
म्हणजे आकडे निवडतो, बटण दाबतो,
बाकी तो स्वतःच स्वतःला काढतो.

जुलैत हेमांगी तांडेलची रेघ
अशी कोसळली
की कुरियन सरांनी पेनाला टोपण लावलं
आणि नुसतं "अरेरे" म्हणाले.
अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहावरून
अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन.
हजार खोक्यांत चार खोकी जास्त चुकली.
पण अक्ष सुरू झाला होता
अठ्ठ्याण्णव पूर्णांक एकपासून,
म्हणून ती वरच्या कोपऱ्यातून निघून
पार तळाशी जाऊन आपटली,
पारसिकवरून सुटलेल्या धोंड्यासारखी.

मला दिसलं होतं.
दोन क्लिकचं काम होतं.
पण चहा आला होता, पलीकडून प्रिंट मागत होते,
आणि आलेख छान दिसत होता,
हेही सांगून टाकतो.

हेमांगीला रात्रपाळी लागली.
ती वर आली तेव्हा अंगात जाड जॅकेट,
भुवयांवरचा बर्फ नुकता वितळत होता.
कागद तिनं तळहातानं सपाट केला,
खालच्या कडेवर बोट ठेवलं.
"दादा, यात शून्य कुठंय?"
मी म्हणालो, ते आपोआप येतं.
"आपोआप म्हणजे कोण?"

मला उत्तर आलं नाही. तिनंही थांबून धरलं नाही.
जाताना एवढंच म्हणाली,
"माझा बा दिव्याच्या खाडीत बांबू टाकायचा.
टोक चिखलात रुतल्याबिगर
पाणी किती, ते बोलायचा नाय."

मग ऑगस्टमध्ये मी सगळं शून्यापासून मांडलं.
अठराच्या अठरा जणींच्या रेघा
वर छताला चिकटल्या,
एकीवर एक, एकच जाड दोरी.
"यात काहीच दिसत नाही," कुरियन सर म्हणाले,
आणि खरंच दिसत नव्हतं.
त्याच जोशात मी तापमानाचा आलेखही
शून्यापासून, तोही ऐसपैस शंभरपर्यंत ताणलेला.
उणे अठरा, उणे सतरा, उणे चौदा:
इतका मंद चढ की बघता बघता झोप यावी.
हेमांगीनं दारावर लावलेला तो कागद वाचला,
रेघ नव्हे, बाजूचे आकडे वाचले,
आणि तशीच धावत खाली गेली.
"चार अंश म्हणजे सुरमई गेली, दादा.
तुला हे सपाट वाटलं?"

कुठली पट्टी कशाला लावायची
हे तिला ठाऊक होतं.
मला बटण ठाऊक होतं.

सप्टेंबरात माझ्याकडून एक टिंब राहिलं.
जागृती मढवी: नऊशे सत्त्याऐंशी.
तिची रेघ आभाळात गेली,
बाकीच्या सतरा जणी
सुकत घातलेल्या जवळ्यासारख्या
जमिनीला पसरून, कोण कुठली कळेना.
मीटिंग पाच मिनिटांत आटोपली.
"सगळं स्थिर आहे. मढवीला शाबासकी द्या."
त्या महिन्यात कुणीच घसरलं नाही.
ते टिंब मी अजून टाकलेलं नाही.

आज पुन्हा तीन तारीख.
पडद्यावर चौकट उघडी आहे.
'किमान'च्या पुढे करड्या अक्षरांत 'आपोआप'.
ते खोडलंय. कर्सर लुकलुकतोय.
शून्य लिहू? नव्वद लिहू? पंच्याण्णव?
जे लिहीन त्यावर कुणाची तरी पाळी ठरणार,
आणि या वेळी आपोआप म्हणजे कोण,
हे मला माहीत असणार.

दहाला दहा कमी. खाली फाटक वाजलं.
चौकट तशीच ठेवून मी जिन्याकडे निघालोय.
तिलाच विचारतो,
आपल्या खाडीत
बांबू किती आत गेला की चिखल लागतो.